काहिलीतली बाई
कणकेत हिंग कालवल्याचा वास आला की मला पंचगंगेवरच्या बंधाऱ्याखालचा तो अरुंद ओघ आठवतो. नवीनच लग्न झालं होतं. आमचे हे मासे धरायला निघाले आणि हट्टानं मीही मागं गेले. गळाला हिंग घातलेल्या कणकेची गोळी लावून काठी पाण्यावर आडवी धरली की ह्यांना जगाचं भान नसायचं. तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातली एक बाई गूळ करायच्या जुन्या काहिलीत वैरणीचे भारे घालून, स्वतःही तीत उभी राहून, बांबूनं ती नावेसारखी रेटत आली. तिनं नुसता घसा खाकरला. हे चटकन उठले, काठी उभी केली आणि म्हणाले, "सावकाश जावा, अक्का." तिनंही मासे बुजू नयेत म्हणून बांबू वर उचलला, काहील अलगद वाहू दिली आणि ह्यांच्याकडं बघून हसली. मला आगच लागली. घरी हेच स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून मोबाइल बघत बसायचे. उकळती आमटी हातात घेऊन मी "सरका की वो" म्हणून ओरडले तरी ढिम्म! "तिच्यासाठी बरं उठलासा?" मी विचारलं. "नदीची रीत हाय ती," हे म्हणाले. संध्याकाळी आमटीचं पातेलं घेऊन मी दाराशी आले आणि तिच्यासारखाच घसा खाकरला. मान वर न करता ह्यांनी पाय जवळ घेतले. आज इतक्या वर्षांनीही मी तशीच खाकरते आणि वाट लगेच मिळते. पण ती मला नाही, काहिलीतल्या त्या बाईला मिळते.