कोडवाले चाचा

शहागंजच्या बँकेसमोर बसणाऱ्या चाचांना कुठल्याही शाखेचं नाव सांगा, ते डोळे मिटून तिचा आयएफएससी कोड सांगायचे. अकराच्या अकरा अक्षरं, न अडखळता. म्हणून ते कोडवाले चाचा. घडीचं टेबल, दोन पेनं आणि लोकांचे बँकेचे फॉर्म भरून देणं, एवढाच त्यांचा कारभार. कुणी कोड दाखवायला पासबुक पुढं केलं, की ते बाजूला सारायचे. "वो रखो अंदर. इथं सगळं हाय," म्हणत कपाळावर बोट टेकवायचे. या रुबाबाचं मला भारी कौतुक वाटायचं.

मी बाबांबरोबर देवगाव रंगारीहून यायची, तेव्हा त्यांनीच मला कोड वाचायला शिकवलं. "देख बेटी, पहले चार अक्षर म्हंजे बँकेचं खानदान. आखरी सहा म्हंजे शाखा, घरचा पत्ता. पैसा येच पढ के चलता. चुकलं तर दारातून वापस." मधल्या पाचव्या जागी कायम शून्य. तिथं कुणी इंग्रजी ओ काढला, की चाचा खवळायचे. "वो जगह खाली रखेली है, आगे कभी काम आएगी!" शहराचं नाव बदललं, तेव्हा चेकच्या तळाशी असलेल्या नऊ आकड्यांतले पहिले तीन दाखवून म्हणाले, "ये शहर का नंबर. ये तो वहीच है."

बारावीनंतर नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं. फी भरायची शेवटची तारीख तोंडावर आली होती. बाबांनी कॉलेजचं माहितीपत्रक चाचांपुढं ठेवलं. त्यांनी त्याकडं पाहिलंही नाही. शाखेचं नाव ऐकलं, डोळे मिटले, कोड लिहिला. कॉलेजची ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि शाखेचा जुना कोड बंद पडला होता. नवा कोड माहितीपत्रकावर ठळक छापलेला होता. पैसे त्याच संध्याकाळी आमच्या खात्यात परत आले. खात्याला मोबाईल जोडलेला नव्हता. आम्हाला कळलं चौथ्या दिवशी, पासबुक भरून घेतल्यावर. तोवर माझी जागा पुढच्या मुलीला गेली होती.

बाबांकडून हे कळलं, तसे दुसऱ्याच दिवशी चाचा एसटीनं आमच्या घरी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "भाईसाब, मैंने कागज नहीं देखा," एवढंच म्हणाले.

"चाचा, आत या. झालं ते झालं," बाबा म्हणाले.

आई मला म्हणाली, "पाणी तरी नेऊन दे त्यांना." मी हलले नाही. हा माणूस मेला तरी चालेल, असं तेव्हा वाटलं होतं. लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या वर्षी यादीत नाव लागलं नाही. मी शहरातच, छावणी भागात औषधांच्या दुकानात लागले, तिथंच आहे. शहागंजला जायचं टाळत राहिले.

गेल्या महिन्यात मी तिकडं गेले. टेबलाची जागा रिकामी होती. शेजारच्या चहावाल्याला विचारलं.

"चाचा गुजर गए. दोन महिने झाले," तो म्हणाला. "त्याच्या आधी लई दिवस काम बंदच होतं, नुसते बसायचे. कुणी कोड इचारला, की म्हणायचे, मेरेको कुछ याद नहीं. फक्त देवगाव रंगारीचं कुणी दिसलं, की उठून त्याच्याकडं जायचे. वो लडकी नर्स हुई क्या, म्हणून इचारायचे."

"मग लोक काय सांगायचे?"

"काय सांगणार? म्हाईत नाय म्हणायचे."

मी छावणीत होते, रिक्षानं पंधरा मिनिटांवर. नाही झाले, चाचा, हे त्यांना मीच सांगायला हवं होतं. हातात पाण्याचा पेला देऊन.