हाताने घट्ट, मग सव्वा फेरा

फजल मुकादम मला पहिल्यांदा भेटले ते सनैयातल्या एका फिटिंगच्या दुकानात. दोह्याच्या औद्योगिक वसाहतीला इथे सगळे सनैयाच म्हणतात. शुक्रवारची दुपार होती, नमाजानंतर दुकानं नुकतीच उघडली होती. माझ्या हातात एक स्टीलचा निपल, म्हणजे आटे पाडलेला नळीचा तुकडा, आणि एक व्हॉल्व्ह. दोन्ही अर्ध्या इंचाचे, एकमेकांत बसतात, तरी गळतात, असं मी काउंटरवरच्या माणसाला हिंदीतून समजावत होते. तो म्हणाला, आट्यांवर टेफ्लॉनची टेप जास्त गुंडाळा. मी वैतागून मराठीत पुटपुटले, "आणखी किती गुंडाळू?"

"टेपने काय होणार नाय, बाय," शेजारून आवाज आला.

पन्नाशी उलटलेले गृहस्थ, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले. "हा अमेरिकन, हा ब्रिटिश. दोघांचे इंचाला चौदाच आटे, म्हणून सुरुवातीला गोड बसतात. पण आट्यांचा कोन वेगळा. आतून वाट राहते. कशाला हवंय हे?"

मी घरी चहा आंबवते, तो स्टीलच्या पिंपात भरते आणि सोड्याच्या गॅसच्या सिलिंडरने फेसाळ करून तोटीतून काढते, असं मी सांगितलं.

"दारू नाय ना?"

"नाही हो चाचा, चहाच. आंबट सोड्यासारखा लागतो."

"मग ठीक. खोटं निघालं तर दोघांनाही घरी पाठवतील." आणि पहिल्यांदा हसले.

ते मूळचे हर्णैचे. वडील मच्छीमार होडीवर होते. रत्नागिरीत आयटीआय करून तेविसाव्या वर्षी आखातात आले. गेली एकोणीस वर्षं दोह्याबाहेरच्या मेसईदमधल्या एका कारखान्यात गॅसचा दाब मोजणाऱ्या यंत्रांच्या बारीक नळ्या जोडायचं काम. बायको रुकैया हर्णैलाच. त्यांच्या जोडाला साबणाचं पाणी लावून बघायची गरजच नाही, असं बरोबरचे म्हणत. त्याचा त्यांना राग येई. ते स्वतः पाणी लावून, वाकून, एकही बुडबुडा येत नाही हे बघूनच पुढे जात.

पुढचे तीन शुक्रवार ते मेसईदच्या बसने आले आणि आम्ही सनैया पालथी घातली. मी ऑनलाइन मागवलेलं अर्धं सामान त्यांनी बाद केलं. पितळ नको, आंबट चहा पितळ खातो. वॉशर खाण्याच्या वस्तूंना चालतील असेच हवेत. एक जोड कुठेच मिळेना, तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या कारखान्यात पडलेला असेल की एखादा."

"एकोणीस वर्षांत तिथली एक चकतीसुद्धा माझ्या खिशातून बाहेर आली नाय," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या शुक्रवारी दोह्याच्या पर्ल वस्तीतल्या माझ्या फ्लॅटवर त्यांनी जोडणी केली. नळी जोडात तळापर्यंत ढकलायची. नट हाताने घट्ट करायचा. पेनाने खूण करायची, मग पान्याने बरोबर सव्वा फेरा. "पान्याचं काम कुणीही करील," ते म्हणाले. "नळी तळाला टेकली, हे बोटांना कळलं पाहिजे." एक जोड त्यांनी माझ्याकडून करून घेतला. सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. पोहे खाऊन ते बसला गेले.

सकाळी उठले तर सिलिंडर रिकामा आणि एक नळी जोडातून निसटून लोंबत होती. मी हसतच फोन केला. "चाचा, तुमचा पहिला गळका जोड!"

"कुठला? तू केलेला की मी?"

"तुमचा."

ते हसले नाहीत. दुपारी दारात उभे. नळीचं टोक उजेडात धरून त्यांनी पाहिलं. नट आवळला की आतली चकती नळीला चावते; तिचा वळ अगदी टोकावर उमटला होता. नळी तळापर्यंत गेलीच नव्हती; काल तेवढ्यावर तग धरला, रात्री दाबाने निसटली. त्यांनी दुसरी नळी घेतली, नव्या जोडात ढकलली आणि माझ्यापुढे केली.

"बसली का, बघ."

मी दाबली. ती आणखी आत गेली. "चाचा, तुम्हाला कळलं नाही?"

ते स्टुलावर बसले. बोटांची टोकं अंगठ्याने चोळत सांगू लागले. साखरेचा आजार जुनाच होता, पण पाच महिन्यांपासून बोटांच्या टोकांवर हातमोजे चढवल्यासारखं वाटत होतं. शर्टाची बटणं बघून लावावी लागत. एसीच्या गारठ्याने होत असेल, अशी त्यांनी समजूत घालून घेतली होती.

"पाच महिने," ते म्हणाले. "तिकडे किती जोड केले असतील मी."

मी जे बोलले त्याची आजही लाज वाटते. "कुणाला कळणार आहे? सुट्टी घ्या, औषध घ्या, बरे व्हा. आत्ताच कशाला सांगताय?"

"इथे तुझा फेस गेला. तिकडे नळीखाली माणूस उभा असतो, बाय."

रविवारी सकाळी कामावर जाताच त्यांनी सुपरवायझरला स्वतःहून सांगितलं. त्यांचे पाच महिन्यांतले सगळे जोड उघडून तपासले गेले. एकशे बारा. त्यांतल्या दोनांत नळी तळाला टेकलेली नव्हती. ते अजून सुटले नव्हते, इतकंच.

"दोन," त्यांनी फोनवर सांगितलं.

"एकशे दहा बरोबर होते, चाचा."

"दोन, बाय."

डॉक्टरांनी सांगितलं, नसा गेल्या आहेत, परत येणार नाहीत. दुसरं हलकं काम कारखान्यात नव्हतं. एकतीस वर्षांचं आखात महिन्याभरात खलास झालं. विमानतळावर मी पोचवायला गेले. पासपोर्टमधला बोर्डिंग पास त्यांच्या बोटांना सुटा करता येईना. मी हात पुढे केला, तर त्यांनी पासपोर्ट छातीशी धरला आणि तसेच रांगेत गेले.

त्यांच्या त्या कबुलीने कुणाचा तरी जीव वाचला, असं मी स्वतःला समजावते. पण माझा तो नसता उद्योग नसता, तर त्यांना आणखी काही दिवस ठाऊक नसतं, हेही मनातून जात नाही.

मागच्या आठवड्यात हर्णैला फोन केला, तो रुकैयाचाचींनी उचलला. ते बरे आहेत म्हणाल्या. जेवतात, मशिदीत जातात. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "सिलिंडर आला की रेग्युलेटर मीच लावते. ते हात लावत नाय. माझं होईपर्यंत अंगणात उभे राहतात, आणि मग आत येऊन तीनतीनदा विचारतात, नीट बसला ना?"