चुलीवर वाळवलेले नमुने

९ डिसेंबर २०१३. आदंगच्या नावावर नऊशे चाळीस युआन पगार लावला आणि पुढच्या महिन्याचा रकाना कोरा सोडला.

मी अभयारण्याच्या चौकीत हिशेब पाहतो. आदंग आमचा पहारेकरी, इथल्या डोंगरांतल्या लिसू जमातीचा. त्याच्या वडिलांनी काळ्या माकडांची शिकार केली, यानं आयुष्यभर राखण केली. कुनमिंगच्या संशोधक लू बाईंना माथ्यावरच्या टोळीची विष्ठा हवी होती. खालच्या टोळीशी जनुकं ताडून, विरळ हवेत ही माकडं कशी तगतात ते शोधायचं होतं. आदंगचा पगार त्याच कामातून निघे. नमुने नाहीत तर पुढच्या वर्षाचा करार नाही, आणि पेन्शनला त्याचं एकच वर्ष कमी पडत होतं.

नमुने त्यानं आणले होते. पण घरी बाईंनी दिलेल्या नळ्यांतलं पाणी ओतून देऊन चुलीवरच्या फळीवर, डुकराच्या मांसाशेजारी ते वाळत ठेवले. त्यांच्यात टिकवायची प्रत्येक वस्तू तिथंच जाते.

"काका, धुरानं सगळं वाया गेलं," लू बाई म्हणाल्या.

"ओलं ठेवलं तर कुजतं, बाई."

"अहो, पाणी नव्हतं ते! टिकावं म्हणून घातलेली दारूच होती."

त्याची बायको आचा चुलीपाशी खुदकन हसली. "एरवी थेंब सांडत नाही, आणि नेमकी तीच ओतलीस होय रे?"

आदंग हसला नाही. पुन्हा वर जायचं म्हणजे चार हजार मीटरच्या पुढं, बर्फात. चौकीचा चढसुद्धा हल्ली तो बसत बसत चढे.

"माकडांच्या रक्तातच काहीतरी असतं म्हणे, लाओ सू," तो मला म्हणाला. "माझी नुसती छाती वाजते."

"एकदाच जा. दाबलेल्या चहाची एक वीट माझ्याकडून."

"तू? आजवर कपभर पाजला नाहीस कधी."

पण गेला. चौथ्या दिवशी उतरला तेव्हा ओठ निळे पडले होते. कोटाच्या आत नळ्या, झाकणं घट्ट. उंबऱ्यावर बसून बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला.

"तोंड लावलेलं नाही," शेवटी आचाला म्हणाला.

करार झाला. त्यानंतर तो वर गेला नाही; चौकीचं फाटक तेवढं सांभाळी. वर्ष संपता संपता लू बाई आल्या. वरच्या टोळीच्या जनुकांत काही वेगळे बदल सापडले होते.

"माझ्यात आहेत का ते?"

"तुमचं तपासलं नाही, काका."

"बरं," म्हणाला आणि फाटक लावायला उठला.

आता तो नदीकाठी मुलीकडे राहतो. पेन्शन सुरू आहे. चहाची वीट मी अजून दिलेली नाही.