रिकामी बसलेली मीरा

चहाचे कप धुवून ठेवावेत तोवर दुसरे येऊन पडतात. आमच्या ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच. मी नांदेडच्या एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात चहापाणी बघतो. शिक्षण थोडं, पण कान शाबूत आहेत.

तिथं अर्धापूरची मीरा काम करते. फोनमध्ये फोटो साठवणारी चिप असते. काम आलं की ती पळते, काम नसलं की तिला हळू करतात. किती वेळ रिकामा गेला म्हणजे हळू करायचं, ते बसवणं मीराकडं. मला म्हणाली, "मामा, एक कप भरून गॅस बंद केला, अन् लगेच चौघं आले, तर?"

तर बोंब! मला समजलं.

साहेब लातूरला बसतात. बॅटरी टिकलेली दिसावी म्हणून त्यांनी ती वेळ अगदी कमी करायला लावली. मीरा नको नको म्हणत होती. मग फोटो उघडताना फोन अडकायला लागला, तर साहेबांनी सगळ्यांदेखत तिलाच झापलं. हुकूम यांचा, बोलणी तिला!

मीटिंगच्या खोलीतही साहेबांनी तसलंच यंत्र बसवलंय. कुणी जरा हललं नाही की दिवे बंद. विचार करणारा माणूस हलतो का कधी? पोरं बिचारी बोलता बोलता मच्छर हाकलल्यासारखे हात हलवून राहिलीत.

कॉम्प्युटरचंही तेच. बटणं दाबली नाहीत की लातूरला कळतं, माणूस रिकामा. मीरा डोळे मिटून विचार करते. निरोप आला: बाई रिकाम्या बसतात, फोन कंपनीचे पाहुणे येणारेत, त्यांना फोन दाखवून झाला की बाईंच्या नोकरीचं बघू.

त्या दिवशी मी तिचा डबा उघडून पुढं ठेवला. "न्हाई जात मामा घशाखाली," म्हणाली. असा राग आला मला, पण कुणावर काढणार?

मीरा अजून तिथंच आहे, आणि पाहुण्यांच्याच सांगण्यावरून फोनमध्ये आता तिनं सांगितलेली वेळ चालते. ते असं झालं.

फोन बनवणाऱ्या कंपनीचे ते पाहुणे आले. साहेबही आले. निदान आज तरी वेळ वाढवू द्या, असं मीरानं विनवलं. साहेबांनी ऐकलं नाही. पडदे ओढले, दार लावलं आणि लग्नाचा अल्बम उघडायला बोट टेकवलं.

फोटो येईना. सगळे फोनकडं टक लावून बसले. साहेब हलेनात, पाहुणे हलेनात. मीही ट्रे धरून तसाच उभा.

दिवे गेले.

अंधारात साहेबांचा आवाज आला, "मीरा, काय केलंस?"

"काही नाही सर. हात हलवा. आपण रिकामे बसलोय, असं वाटलं त्याला."