यंदा संकल्प सुचला नाही

देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हणणार नाही. त्याच्याशी बोलायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, एवढंच. दर वर्षअखेरीला आम्ही दोघं नवरा-बायको मोटारसायकलवरून औदुंबरला जायचो. दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेऊन घाटावर बसायचं, सरल्या वर्षात काय काय झालं ते आठवायचं आणि पुढच्या वर्षाचा संकल्प करायचा, असा यांचा नेम. यंदा मी एकटीच एसटीनं गेले. उन्हाळ्यात कुपवाडच्या कारखान्यात काम करताना हे कोसळले. तेव्हापासून उजवी बाजू लुळी आहे, वाचा गेली आहे. शेजारच्या वहिनींना त्यांच्याजवळ बसवून मी निघाले होते.

घाटावर बसून वर्ष आठवू लागले, तर दवाखाना, औषधं आणि चादरी धुणं यांपलीकडे काही आठवेना. पुढच्या वर्षाकडे पाहिलं तर तेच. फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. त्या दिवशी मी 'देवा, यांना सोडव आता' एवढंच मागायला गेले होते. हात जोडले, पण ओठ उघडेनात. उठले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

कुणीतरी दंड धरला. साठीच्या पुढची बाई होती, कोरेगावकडची. मला पायरीवर बसवून तिनं विचारलं, "पोरी, जेवलीस का न्हाई?"

मी सांगू लागले, "आमचे हे आजारी असतात..."

"त्यांचं मागनं सांग. तू कवा जेवलीस?"

मला आठवेना. इतके महिने येणारा-जाणारा प्रत्येक जण यांची चौकशी करत होता. माझ्या पोटाची कुणी केली नव्हती, मीही नाही. मला रडू फुटलं. तिनं समजूत घातली नाही. हाताला धरून प्रसादाच्या पंगतीत नेलं आणि शेजारी बसून भातावर आमटी वाढायला लावली. "लय इचार करू नगंस. आदी चार घास खा," एवढंच म्हणाली. मी हात धुऊन आले तोवर ती तिच्या माणसांबरोबर गेली होती. नाव विचारायचंही राहिलं.

यांच्यात फरक पडलेला नाही; पडेल असं वाटतही नाही. ते मागणं मी देवापुढे बोलले नाही, पण मनातून गेलं असंही नाही. त्याच्या पायाशी तसंच ठेवून आले. त्या संध्याकाळी यांना भरवल्यावर मी माझं ताट वाढून कॉटच्या कडेवर ठेवलं आणि तिथंच जेवायला बसले. यांनी डाव्या हातानं ते ताट हळूच माझ्याकडे आणखी सरकवलं.

वर्षाचा संकल्प अजून सुचलेला नाही. उद्याचं सगळं देवावर सोडलंय. आजचं जेवण झालं, एवढं मात्र मी त्याला रोज सांगते.