ओल कापून माझं वजन

माणसानं कापसाच्या काट्यावर चढू नये. मी चढले. वर मापाऱ्यानं सांगितलेला आकडा खरा मानला, त्या आनंदात घरी येऊन घाणाभर सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, तळली आणि दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर पांघरूण घेऊन झोपू लागले. नातवंडांना एवढं सांगितलं की ती लोळून हसतात. मीही हसते. पुढचं मात्र सांगत नाही.

तेव्हा आम्ही दारव्ह्याला होतो. आमचे हे तहसिलीत कारकून, आणि मी बाळंतपणांनंतर अशी काही पसरले होते की ऑटोवाला म्हणे, "बाई, आधी तुम्ही बसा, मंग बाकीच्याचं पाहू." गुडघे बोलायला लागले तसं डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. उतरवायला ते काय डोक्यावरचं गाठोडं होतं!

शेजारी जिनिंगवाल्यांचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखानावाल्यांचं घर. त्यांची धाकटी सून माझ्याहून बरीच लहान. मी तिला भाभी म्हणायची, ती मला वहिनी. शाळेत असताना पुसदला पळण्याच्या शर्यतीत ती पहिली आली होती. लग्नानंतर तिचं पळणं म्हणजे अंगणातून चुलीपर्यंत. माझ्या वजनाची गोष्ट ऐकली आणि तिचे डोळे चमकले. सासूकडे विषय तिनंच काढला. सासूबाई, भाभी त्यांना अम्मी म्हणे, पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "वहिनी संगं असन तं जा. एकटी नाही जायचं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी मला आपलं वाटायचं, बिचारी माझ्यासाठी येते.

पहाटे आम्ही बोरीच्या रस्त्याला लागायचो. मी पदर खोचलेला, पायात पोराचे शाळेचे पांढरे बूट. भाभीची ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. ती मास्तरीणच झाली होती. "वहिनी, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत पळा. मंग एक खांब चाला." पहिल्या दिवशी तो दुसरा खांब काही येईचना. समोरून येणारा दूधवाला सायकलवरून उतरला. "काय झालं बाई? कोणी गेलं काय?"

"माहाच जीव चाल्ला," मी म्हटलं. भाभी रस्त्यातच खाली बसून हसली.

हळूहळू पळायचे खांब वाढले, चालायचे कमी झाले. थंडी सरत आली तेव्हा मी न थांबता जिनिंगच्या फाटकापर्यंत जाऊ लागले. तिथं मी कमरेवर हात ठेवून धापा टाकायची आणि भाभी म्हणायची, "थांबा वहिनी, मी आलीच." मग ती एकटी सुटायची. नाल्यावरच्या पुलापर्यंत आणि परत. धुक्यात आधी तिच्या पावलांचा आवाज यायचा, मग ती. तिचं ते येणं अजून माझ्या डोळ्यांत आहे. पहाटे जाग आली की अजून कान रस्त्याकडे जातात. त्या रस्त्यावर आता कोण पळतं, देव जाणे.

त्या फाटकासमोर पूर्वी हंगामात बैलगाड्यांची रांग लागायची. त्या सालांत भाव असा पडला की लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला आणि त्याच्यावरच अंथरुणं टाकली. जिनिंग बंद करायचं ठरलं. भाभीचं सगळं घर नागपूरला थोरल्या दिराकडे जाणार होतं. "होळीनंतर," ती म्हणाली. "तवर तं पळून घेऊ."

अशात एकदा फाटकाच्या आत मापारी रिकामा बसलेला दिसला. "चढा बाई काट्यावर. कापूस नाही तं तुम्हीच सही." मी चढले. त्यानं सांगितलेलं वजन डॉक्टरांच्या आकड्यापेक्षा चांगलं पाच किलो कमी! मी तरंगतच घरी आले. तो मापारी आयुष्यभर बारदान, म्हणजे पोत्याचं वजन, आणि कापसातली ओल कापूनच आकडा सांगत आलेला. माझं लुगडं त्यानं बारदानात धरलं आणि घाम ओलीत. हे मला कळायला नको? कापसाच्या मुलखात जन्म गेला माझा!

वजन उतरलं, मग पळायचं कायले? पहिल्या पहाटे भाभीनं खिडकीशी हाक मारली, "वहिनी?" मी पांघरुणातून म्हटलं, "उद्या." दुसऱ्या दिवशीही उद्याच. मग तिनं हाक मारणं सोडलं. होळी अजून लांब होती, अशी माझी समजूत.

मग धाकट्याला ताप आला म्हणून दवाखान्यात गेले आणि सहज तिथल्या काट्यावर उभी राहिले. काटा होता तिथंच, उलट सांबारवडीएवढा पुढे. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बूट चढवून मी भाभीच्या दारात गेले, तर दारात ट्रक उभा. जिनिंगच्या जागेला गिऱ्हाईक लवकर मिळालं होतं. पलंग, पेट्या चढून झाल्या होत्या. ती चूल पुसत होती.

मी तिला काट्याची गोष्ट सांगितली, हातवारे करून, मापाऱ्याच्या आवाजात. ती हसली. ओढणी तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मग ओढणी खाली घेतली आणि म्हणाली,

"मी रोज बूट घालून बसत होती वहिनी. अम्मी म्हणे, वहिनी आली तं जाय. मी तुमच्या दाराकडे पाहत बसू. उजेड पडला का मंग काढून ठेवू बूट."