चुंबळीचा वळ

बाजारातले हमाल तिला चुंबळवाली म्हणत. चिंध्या पिळून ती कापडाची कडी वळायची. ती डोक्यावर ठेवली की पोत्याखाली टाळू दुखत नसे. घट्टपणाचं माप तिच्या बोटांतच होतं. तिचा हमाल नवरा म्हणायचा, "माझ्या डोक्यात काही शिरत नाही, कारण वर हिची चुंबळ असते."

एकदा तो पोत्यासकट जिन्यावरून कोसळला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. मागच्या खोलीत तो उताणा पडून राहू लागला. माकडहाडावर बटणाएवढा लाल डाग दिसला, तेव्हा तिनं आपल्याला येत होतं ते केलं. जुन्या चादरीची चुंबळ वळली आणि डाग बरोबर पोकळीत येईल अशी त्याच्याखाली सरकवली. डागाची जखम झाली. तिनं चुंबळ आणखी जाड केली. जखम खोल गेली.

धाकटा दीर दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहिला. "वहिनी, वास रस्त्यापर्यंत येतो. आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा मिळतेय. आज सिस्टर बघतील. जखम वाढली असेल तर मी त्याला घेऊन जाणार."

"घेऊन जाणार म्हणजे? तो काय कपाट आहे, भाऊजी?"

दवाखान्याची सिस्टर आली. तिचं हात धुणं संपेचना. मग दोघींनी मिळून त्याला कुशीवर घेतलं. पट्टी निघाली. खोलीत कोणी श्वास घेतला नाही.

सिस्टर जखमेकडे नाही, तिच्याभोवती बघत होती. तिथं एक लाल वर्तुळ होतं, आखल्यासारखं. तिनं त्यावर बोट दाबून उचललं. लाली तशीच राहिली.

"खाली काय होतं?"

चुंबळवालीनं चुंबळ पुढे केली. आवाजात थोडा तोराही होता. "माझ्या हातची आहे. जखमेला काही टेकत नाही."

सिस्टरनं ती उलटसुलट पाहिली. "जखमेला टेकत नाही, खरं. पण सगळं वजन या कडीवर येतं. कडीखाली रक्त दबतं, मधल्या कातडीला पोचत नाही. जखम उपाशी राहते, बाई."

चुंबळवाली वाकून बघत राहिली. चुंबळीला जिथं गाठ मारली होती, ती गाठसुद्धा कातडीवर उठली होती.

"काय म्हणतात? वाढली का?" दारातून आवाज आला.

सिस्टरनं पिशवीतून नवी पट्टी काढली.

"वाढली, भाऊजी. माझ्या चुंबळीनं वाढली."

"म्हणजे तुम्हीच..."

"हो. मीच."

भिंतीकडे तोंड करून पडलेला नवरा म्हणाला, "अरे, हमाल ओझं नेऊन टाकतो. चुंबळीवर ओझं ठेवून झोपतो का कोणी? मला तरी सुचायला हवं होतं! अर्धा दोष माझ्या डोक्याचा."

"मी गाडी सांगतो," दीर म्हणाला.

"आठ दिवस द्या. फरक नाही पडला तर त्याचे कपडे मीच भरून देते."

त्यानं रुमालाआडून होकारार्थी मान डोलावली.

सिस्टरनं दाखवलं तसं ती करू लागली. जखम सलाइननं धुवायची, भोवतीचं कातडं चोळायचं नाही, टिपायचं. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. दर दोन तासांनी खालच्या चादरीला धरून कूस बदलायची, पाठीशी उशी तिरकी लावायची. तिचे हात घट्टपणाला सरावलेले. आता सगळं सैल हवं होतं. उशी नको तेवढी दाबली जाई, ती काढून पुन्हा लावी. उठून सारखा वास घेई. आपल्या नाकावरचा विश्वास मात्र उडाला होता.

आठ दिवसांनी पट्टी निघाली तेव्हा तिनं जखमेकडे पाहिलं नाही. ती दारातल्या दिराच्या चेहऱ्याकडे बघत होती. रुमाल नाकावर होता. मग थोडा खाली आला. मग खिशात गेला.

"वळ गेलाय," सिस्टर म्हणाली. "कडेला लाल मांस धरतंय. अजून खोल आहे, महिने लागतील. एक दिवसही चुकायचं नाही."

दीर आत आला. पहिल्यांदाच पलंगाला त्याचा गुडघा टेकला.

"मी येत जाईन वळवायला," तो म्हणाला. "कपाट हलवायला दोघं लागतात."

"जपून रे," भिंतीकडून आवाज आला. "आरशाचं आहे."